आमच्या तालुक्यातलं शकुंतलेचं कॉमिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शकुंतला म्हणजे आमच्या यवतमाळकडची, आता बंद पडलेली छोटी आगगाडी. तिच्यावरचं हे कॉमिकचं पुस्तक दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत नेलं आणि तेव्हापासून प्रश्न थांबले नाहीत. एसटीत, आठवडी बाजारात, केंद्राच्या बैठकीत, परवा तर एका लग्नाच्या पंगतीतही. प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

हे नेमकं काय आहे?

ए-फोर कागद मधोमध दुमडला की जो आकार होतो, त्या आकाराचं छोटं पुस्तक. आतली २४ पानं काळी-पांढरी, कव्हर जाड पिवळ्या कागदाचं, मधे दोन पिना. कव्हरवर नाव नाही. गवतात बुडालेले दोन रूळ आणि रुळावर काढून ठेवलेल्या बाईच्या चपला, एवढंच चित्र. त्यामुळे जो तो आपापलं नाव देतो. आमच्या शाळेत त्याला ‘शकुंतलेचं पुस्तक’ म्हणतात.

गोष्ट एका दिवसाची. आजी आणि नात सकाळी दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनाकडून बंद पडलेल्या लाइनीच्या कडेनं चालत निघतात. आजीचं माहेर कारंज्याकडचं, आणि पूर्वी ती शकुंतलेनं माहेरी जायची. चालता चालता ती आठवेल तसं सांगते. ऊन चढतं, दोघी बाभळीखाली भाकर-ठेचा खातात, दिवस कलतो, परत येतात. यात खलनायक नाही, मारामारी नाही, शेवटी कुठला धक्काही नाही. तरी मी ते एका आठवड्यात चारदा वाचलं.

तुम्हाला ते सापडलं कुठं?

झेरॉक्सच्या दुकानात. चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढायला तालुक्याला गेले होते. लाइट गेलेली, म्हणून बाकावर बसून राहिले. काउंटरवर पासपोर्ट फोटो कापायच्या कात्रीशेजारी, योजनांच्या फॉर्मच्या गठ्ठ्याखाली, हे पिवळं पुस्तक दिसलं. मला वाटलं कुठल्यातरी बियाणं कंपनीची माहितीपुस्तिका असेल. उघडलं ते नेमकं चौदाव्या पानावर.

त्या पानावर आजी खाली वाकून रुळाला कान लावते. नात विचारते, “काय आयकू येऊन रायलं वं आजी?” पुढच्या चौकटीत फक्त आजीचा कान, रूळ आणि रुळावरून चाललेली एक मुंगी. आजी उत्तर देत नाही. तिसऱ्या चौकटीत आजी उठून लुगडं झटकते.

मी ते पान किती वेळ पाहत बसले मला सांगता येणार नाही. लाइट आली, मशीन सुरू झालं, माझ्या प्रश्नपत्रिका निघाल्या. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “हे कोणी काढलं?” ती गठ्ठा मोजत होती. मान वर न करता म्हणाली, “थे मीच काढलं मॅडम. वाचा न, पैसे मंग द्या.”

दोन वर्षं मी त्या दुकानात जात होते. तिच्या हातून कितीतरी उत्पन्नाचे दाखले आणि आधार कार्डाच्या प्रती घेतल्या होत्या. ती चित्रं काढते हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

तिचं नाव काय?

नाव इथं नको, असं तिनंच सांगितलं आहे. घरात अजून सगळ्यांना ठाऊक नाही. दुकानात गेलात तर ती स्वतः भेटेल.

कॉमिक म्हणजे लहान मुलांचंच ना?

नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यावर ‘भीमायन’ चितारलं, ते २०११ साली आलं. ते वाचणाऱ्याला कुणी बालवाचक म्हणणार नाही. चित्र आणि शब्द शेजारी ठेवून गोष्ट सांगायची ही एक रीत आहे. तिच्यात काय सांगायचं हे सांगणाऱ्यावर आहे.

माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी हे पुस्तक दोन दिवस उशाशी ठेवलं. सहाव्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा तं आपल्या वावराचा धुरा हाय.” तो आमचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, नाही हे त्यांनाही माहीत होतं.

मराठीत कॉमिक्स आधीही होती की. यात नवीन ते काय?

होतीच, आणि माझं बालपण त्यांच्यावरच गेलं. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून यायचा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली. तिच्यातला वेताळ (इंग्रजीतला फँटम) आमच्या घरी मामाच्या ट्रंकेत होता, पानं सुटलेला. अनंत पै यांची अमर चित्र कथा १९६७ ची. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, आणि १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ आला. या सगळ्यांनी मला वाचायला शिकवलं.

पण वेताळाचं जंगल आफ्रिकेतलं, चांदोबातले राजवाडे दक्षिणेकडचे, चिंटूची गल्ली पुण्याची. पऱ्हाटीचं म्हणजे कपाशीचं वावर, बंडी, पानठेला, सोयाबीनच्या गंजीवर टाकलेली ताडपत्री, उन्हाळ्यात कोरडा पडलेला नाला हे मी चित्रकथेच्या चौकटीत पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. नवीन ते एवढंच आहे, आणि माझ्यासाठी ते फार मोठं आहे.

त्यातली शकुंतलेची माहिती खरी आहे, की गोष्टीपुरती?

मी तपासली, खरी आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरो गेज लाइन. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. मूर्तिजापूरहून दुसरा फाटा अचलपूरला जातो. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीनं ही लाइन उभी केली ती आपल्या सोयीसाठी नाही, कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापुरात मोठ्या लाइनीवर चढायचा, मुंबईच्या बंदरात जायचा आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत. गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालच्या बांधणीचं. १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. आता गाडी बंद आहे.

तिनं हे सगळं एकाच पानात बसवलंय, आणि मला त्या पानाची मांडणी फार आवडते. वर एका बाईच्या ओटीत वेचलेला कापूस. खाली गाठी, त्याखाली डबे, त्याखाली जहाज. सगळ्यात खाली दुकानातल्या कापडाचं ठाण आणि ते लांबूनच पाहणारी तीच बाई. शब्द एकही नाही. सातवीच्या मुलांना हा धडा मी फळ्यावर किती वर्षं शिकवते आहे. या पानासमोर बसवल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, कापूस तिचा अन् कापड दुसऱ्याचं.” मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

सगळं वऱ्हाडीत का? पोरांची भाषा बिघडणार नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक माझ्यासारखे शिक्षकच असतात.

आमच्या वर्गात पहिलीला येणारं लेकरू ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणत येतं. त्याच्या तोंडी शाळेची ‘शाया’ असते आणि डोळ्याचा ‘डोया’. पाणी ‘येत आहे’ असं ते म्हणत नाही, ‘येऊन रायलं’ म्हणतं. पहिल्याच दिवशी आपण त्याला सांगतो की हे चुकीचं आहे. मग ते गप्प बसतं. काही लेकरं तिसरीपर्यंत गप्प असतात. मीही असं गप्प केलं आहे, अनेकांना, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी नाही. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं ते तेराव्या शतकात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ या मातीतला आहे. ज्या भागानं मराठीला गद्य दिलं, त्या भागातल्या लेकरानं आपल्या बोलीची लाज कशाला धरायची?

वर्गात काय झालं ते सांगते. चौथीतला एक मुलगा मोठ्यानं वाचायला कधी उठत नाही. त्याला मी पुस्तक दिलं. त्यानं आजीचा फुगा, म्हणजे तिचं बोलणं लिहिलेला गोल, वाचला तो आजीच्याच सुरात, हेल काढून. वर्ग हसला, तोही हसला, आणि थांबला नाही. दोन पानं वाचली. त्यानंतर आम्ही तीच वाक्यं पाठ्यपुस्तकातल्या मराठीत लिहून काढली, आणि मुलांना फरक आपोआप कळला. दोन्ही भाषा त्यांच्या आहेत, एकीसाठी दुसरी टाकून द्यायची गरज नाही. भाषा बिघडण्याची भीती मला आता उरलेली नाही.

झाडीकडच्या वाचकाला हे समजेल का?

समजेल. झाडी म्हणजे पूर्व विदर्भ. तिथल्या झाडीबोलीचा बाज वेगळा आहे, पण भंडाऱ्याच्या माझ्या मैत्रिणीला दोनच शब्द विचारावे लागले.

कधी कॉमिक वाचलेलं नाही. वाचायचं कसं?

डावीकडून उजवीकडे, वरून खाली, नेहमीच्या मजकुरासारखंच. एका चौकटीत दोन फुगे असतील तर जो वर आणि डावीकडे, तो आधी. फुग्याचं शेपूट ज्याच्याकडे, बोलणारा तो. ढगासारखा फुगा म्हणजे मनातलं.

फक्त घाई करू नका. मोठी माणसं फुगे वाचून पान उलटतात, चित्र पाहतच नाहीत. दोन चौकटींमधली जी कोरी पट्टी असते, तिथं खूप काही घडतं. एका चौकटीत आजी भाकर सोडते, पुढच्या चौकटीत फडकं रिकामं आहे आणि सावली सरकलेली आहे. मधलं जेवण, गप्पा, दुपारची सुस्ती तुम्हीच भरायची.

४० रुपये जास्त नाहीत का?

हिशेब तिनंच मला मांडून दाखवला. २४ पानांना ६ ए-फोर कागद लागतात, दोन्हीकडून छापलं की १२ बाजू. गठ्ठ्यानं काढलं तरी बाजूला दीड रुपया, म्हणजे १८. जाड रंगीत कव्हर दोन्हीकडून छापून १० रुपये. झाले २८. दुमडणं, पिना मारणं, कडा कापणं रात्री घरी, त्याचे पैसे ती धरत नाही. विकायला ठेवणाऱ्या दुकानदाराला ५ रुपये. उरले ७. आणि चित्रं काढायला तिला आठ महिने लागले आहेत.

ऑफसेटवर छापलं तर एकेक प्रत स्वस्त पडते, पण त्यासाठी एकदम हजारभर प्रती काढाव्या लागतात. तेवढा पैसा हातात नसतो, आणि न विकलेले गठ्ठे पावसाळ्यात ठेवायचे कुठं हाही प्रश्न असतोच. झेरॉक्सवर ती वीस काढते, खपल्या की पुन्हा वीस. छोट्या गावातल्या माणसाला हाच मार्ग परवडतो.

पीडीएफ पाठवाल का? फोटो काढून ग्रुपवर टाकले तर?

नाही, आणि कृपा करून टाकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र कागदावर उतरलं त्या क्षणापासून हक्क काढणाऱ्याचा असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. हा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पण कायदा बाजूला ठेवा. एका ग्रुपवर चोवीस फोटो पडले की तालुक्यातले शंभर जण ते फुकट पाहतील आणि तिच्या पुढच्या वीस प्रती तशाच पडून राहतील. एखादी आवडलेली चौकट कुणाला दाखवायला तिची हरकत नाही.

स्वतःची प्रत शेजारणीला वाचायला द्या, ते वेगळं. माझी प्रत सध्या तिसऱ्या गावात आहे.

यात काही खटकलं नाही का?

खटकलं, आणि तिला सांगितलंही. अकरा-बाराव्या पानावर फुगे फार भरलेत. गाडीतल्या गर्दीचं चित्र मजकुराखाली दबून गेलं आहे. नातीचा चेहरा दोन-तीन ठिकाणी बदलतो, एका पानावर ती दहाची वाटते, पुढच्या पानावर चौदाची. आणि परतीचा प्रवास तीनच पानांत उरकला, तिथं मला अजून थांबायचं होतं. तिनं वहीत लिहून घेतलं. फुग्यांबद्दल म्हणाली, “हाव, तठी माह्याच्यानं सोडवलंच नाही गेलं.” कुठलं वाक्य गाळायचं हे ठरेना, कारण सगळी वाक्यं तिच्या स्वतःच्या आजीची होती.

माझ्या भागात असं कुणी असेल का? शोधू कसं?

असणारच. आपण पुस्तकाच्या दुकानात शोधतो, तिथं ही माणसं नसतात.

तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात जा. वाढदिवसाचे, पोळ्याचे, तेरवीचे बॅनर जुळवणारी मुलं दिवसभर संगणकावर चित्रांशीच झटत असतात. त्यांतल्या एखाद्याला विचारा, “स्वतःचं काही काढतोस का?” शाळांच्या बोलक्या भिंती रंगवणारे पेंटर, गणपती-दुर्गेच्या मंडळांचे देखावे करणारे, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून देणारे, यांच्यातही सापडतात. झाडीपट्टीत तर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जा. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा पडदे आणि जाहिराती रंगवणारे हात तिथंच कामाला असतात. गर्दीचा प्रसंग एका चौकटीत कसा बसवावा हे त्यांना शिकवावं लागत नाही.

छापलेलं काही हवं असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांबरोबर जा. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत स्वतः लिहून स्वतः छापलेल्या कितीतरी पुस्तिका असतात. गावोगावची माणसं पिशव्या भरून पुस्तकं घरी नेतात, हे दृश्य मी दरवर्षी डोळे भरून पाहते.

आणि विचारायची लाज धरू नका. माझी दोन वर्षं न विचारल्यामुळेच गेली.

आमच्या गावच्या वाचनालयात ठेवतील का?

मागणी करा. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं की पिनांचं पुस्तक म्हणजे पुस्तकच नव्हे. दुसऱ्या ठिकाणी ग्रंथपाल दादांनी स्वतःच्या खिशातून दोन प्रती घेतल्या आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोरीनं बांधून ठेवल्या. वाचकांनी नोंदवहीत मागणी लिहिली की ग्रंथपालालाही समितीपुढे बोलायला आधार मिळतो.

माझी मुलगी वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढते. तिनं सुरुवात कुठून करावी?

चार चौकटींपासून. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियानं खेड्यापाड्यांत हीच पद्धत शिकवली. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, त्यावर चार चौकटींची एक गोष्ट काढायची, झेरॉक्स काढून जिथं माणसं थांबतात तिथं भिंतीवर लावायची. बसथांबा, पिठाची चक्की, ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र. पहिल्या चौकटीत अडचण दिसावी, चौथीत गोष्ट कुठंतरी पोचावी. गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडलेली असली की चित्र आपोआप खरं होतं.

आधी पेन्सिल, मग काळं पेन. निळं पेन झेरॉक्सवर फिकं येतं. चारही कडांना सेंटीमीटरभर जागा सोडा, मशीन कडेपर्यंत छापत नाही.

फुग्याचं एक गुपित तिनं मला सांगितलं: शब्द आधी लिहायचे, फुगा नंतर काढायचा. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. फुगा आधी काढला की ‘र्कू’सारखी अक्षरं चेंगरतात. इंग्रजी कॉमिक पाहून फुग्यांची मापं घेणाऱ्या मुलांची चूक इथंच होते. दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावं. जोर द्यायचा शब्द जाड करावा, कारण आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत. संगणकावर अक्षरं टाकायची असतील तर मुक्ता आणि बलू हे ‘एक टाइप’ या संस्थेचे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, चित्रासाठी क्रिटा हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. पण हातानं लिहिलेलं मला जास्त आवडतं. तिच्या पुस्तकात आजीचं अक्षर नातीच्या अक्षराहून थोडं थरथरतं आहे.

पुस्तक करायचं तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. २४ पानांच्या पुस्तकात पहिल्या कागदावर डावीकडे २४ वं पान आणि उजवीकडे पहिलं, मागच्या बाजूला डावीकडे दुसरं आणि उजवीकडे २३ वं येतं. हे डोक्यात बसत नाही. म्हणून रद्दी कागदाचं छोटं पुस्तक दुमडून त्यावर आकडे टाकावेत आणि मग उलगडून पाहावं. आमच्या पाचवीच्या मुलांनी हे गणिताच्या तासाला केलं आणि तास संपल्यावर कुणी उठायला तयार नव्हतं.

मला आवडलं. तिच्यासाठी काय करू?

दोन प्रती घ्या, एक ठेवा, एक माहेरी न्या. आणि तिला सांगा. नुसतं ‘छान आहे’ नको, कुठली चौकट आवडली आणि का, ते सांगा. कारंज्याच्या एका निवृत्त पोस्टमन काकांनी तिला आंतरदेशीय पत्र लिहिलं. गाडीच्या खिडकीच्या लाकडी झडपा तिनं अचूक काढल्यात, आपलं बोट एकदा त्याच झडपेत सापडलं होतं, असं त्यात होतं. ते पत्र तिनं काउंटरच्या काचेखाली ठेवलं आहे, आधार केंद्राच्या दरपत्रकाशेजारी.

पुढचा अंक कधी?

गोष्ट ठरली आहे, कापसाच्या वेच्याला जाणाऱ्या बायकांच्या टेम्पोची. पहिली सहा पानं पेन्सिलीत झाली आहेत, मी पाहिली. पण सध्या घरचाच वेचा सुरू आहे, मग फरदड म्हणजे मागून येणारा कापूस, आणि ती सकाळी वावरात, दुपारी दुकानात असते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “फरदड निघू द्या मॅडम, मंग बसतो.”